तिरकी बाज

मी चकलांबा सोडलं त्या दिवशी आण्णांनी मेंढरं काकांकडे दिली आणि ते स्टँडवर आले. एसटी आली. मी चढले. म्हणाले, "जाते."

"जाते न्हाई," खिडकीखालून आण्णांनी दटावलं. "येते म्हन."

येते म्हणाले. कुठं चाललीस, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. आमच्याकडे निघालेल्या माणसाला ते विचारत नाहीत. काम अडतं म्हणतात. आलेल्याला विचारायचं, कुठून आलास. पण आण्णांनी तो नेम फारच पाळला. बंगळूर कुठे, कसं, पुढे कधीच विचारलं नाही. फोनवर "जेवलीस का?" गावी गेले की "आलीस?" मधली मी त्यांच्या लेखी कुठेच नव्हते, असं मला वाटायचं. ते वाटणं बरीच वर्षं राहिलं.

इथे बंगळूरला मी अँटेना बनवण्याआधी तो कॉम्प्युटरवर तपासते. पडद्यावरच्या अँटेनावर दुरून लाट सोडायची, तिचा कोन भरायचा आणि अँटेना किती पकडतो ते बघायचं. पहिल्याच आठवड्यात माझा अँटेना ठार बहिरा निघाला. शेजारी बेळगावची मालती बसायची. पडद्यावरचा बाण बघून ती हसतच सुटली.

"अगं, पाहुणा परसातनं आणलायस की! अँटेनाच्या मागं पत्रा आहे, आत येणार कुठनं?"

मी लाट कुठून येते ती दिशा भरली होती. त्या सॉफ्टवेअरला ती कुठे चालली आहे, ते हवं होतं.

"आमच्यात चाललेल्याला विचारत नाहीत," मी म्हणाले.

"लाटेला विचार गं. तिचं काही अडत नाही."

गेल्या उन्हाळ्यात आण्णा वारले. तेरावं झाल्यावर मी अंगण झाडायला घेतलं. त्यांची बाज भिंतीला लावलेली नव्हती, मध्येच तिरकी होती. मी ती सरळ करू लागले.

"ऱ्हाऊ दे," आई म्हणाली. "लई भांडले मी तिच्यापायी. येता-जाता ठेच. कावून तिरकी टाकता म्हनलं, तर म्हनले, तिकडं लेक हाय, तिकडं पाय कसे करू?"

"पण बंगळूर कुणीकडं, हे त्यांना कुणी सांगितलं?"

"येस्टीच्या डायव्हरनं. एकाचं पटंना म्हनून दुसऱ्याला इचारून आले."

"मला का नाही विचारलं मग?"

"तुला कसं इचारतील? तुजं काम अडलं असतं की!"

मी मोबाइलमधलं होकायंत्र काढून बाजेवर ठेवलं. उशाची बाजू बंगळूरऐवजी जराशी लातूरकडे झुकली होती. दोन डायव्हरांच्या मधला कोन असावा. आई हसली, मग मीही डोळे पुसत हसले.

बाज अजून तिरकीच आहे. गावी गेले की मलाही ठेच लागते.