उबेला ठेवलेले वाल

भात झोडून घरात आलं की बाकीच्यांना हलकं वाटतं. मला उलटं होतं. मार्गशीर्ष लागला की माझं मन खाली बसतं. बायको होती तेव्हाही बसायचं. मी गप्प व्हायचो, जेवण अर्ध्यावर टाकायचो, सकाळी उठायला नको वाटायचं. ती शेजारणीला सांगायची, "यांचा मोसम सुरू झाला." बास, तेवढंच. मग मला लाकडं फोडायला लावायची, गवताच्या पेंढ्या इकडून तिकडे रचायला लावायची. एकदा कर्जतला मिरची आणायला पाठवलं. मी म्हटलं, "मिरची हाय की घरात." ती म्हणाली, "असू दे. जावा."

मी चौथीपर्यंत शिकलेला माणूस. हा काही आजार असतो आणि ती त्याच्यावर इलाज करतेय, हे माझ्या डोक्यात कधी आलं नाही. मला वाटायचं, हिला मला घरात बसलेलं बघवत नाही.

ती श्रावणात गेली. पुढच्या थंडीत मला कुणी मिरची आणायला पाठवलं नाही. मी खाटेवर पडून राहिलो. शेजारची वयनी डबा ठेवून जायची, संध्याकाळी तसाच उचलून न्यायची. दार मी पुढे लोटून ठेवायचो, उजेड नको म्हणून. अंघोळ राहून जायची. रडायलाही येत नव्हतं, खरं सांगायचं तर. नुसता पडलेला. मुलगा खोपोलीला शिळफाट्याजवळ राहतो, तो येऊन जायचा आणि प्रत्येक वेळी माझ्यापेक्षा त्याचाच चेहरा उतरलेला असायचा. शिमगा आला, ऊन तापलं, तसा मी आपोआप उठलो. पण पोराच्या मनातून ते गेलं नाही.

पुढच्या दिवाळीला तो बोलला. फराळाचं ताट बाजूला सारलं आणि म्हणाला, "बाबा, यंदा परत तसं झालं तर मी तुमाला घेऊन जाणार. घराला कुलूप घालू."

"कशाला कुलूप? मी हाय की."

"हायत, पण कसे? शिमग्यापर्यंत बघतो. मग माझं ऐकायचं."

त्याचं घर चांगलं आहे. सून माझी चांगली आहे, तोंडानं गोड आणि हातानंही. पण मला तिथं जायचं नव्हतं. या घरात अजून मला चाळण सापडत नाही, सुई सापडत नाही. ती कुठं काय ठेवायची ते तिलाच माहीत. शोधायला लागलो की वाटतं, आहे इथंच, आत्ता हाक मारली तर सांगेल. खोपोलीच्या घरात सगळं जागच्या जागी सापडतं.

मार्गशीर्ष आला आणि मला ते येताना कळलं. दोन घास खाल्ले की पोट भरल्यासारखं व्हायचं. दुपारी झोप यायची आणि रात्री जायची. या खेपेला मी भ्यालो. स्वतःच उठून कर्जतला डॉक्टरीणबाईंकडे गेलो. माझ्या नातीएवढी पोरगी. मी सरळ सांगितलं, "थंडीत माझं मन मरतं. बायको नाय आता. पोरगा घेऊन जाईल. गोळी द्या."

ती हसली नाही. विचारलं, जीव नकोसा वाटतो का, तसं काही करावंसं वाटतं का. मी म्हटलं, "तेवढं नाय. पण सकाळ नको वाटते." तिनं नाडी, ब्लडप्रेशर सगळं बघितलं. म्हणाली, "काही जणांना थंडीत होतं असं, आजोबा. दिवस लहान, ऊन कमी. आणि आजी गेल्या, ते दुःख वेगळं आहेच." मग सांगितलं की रोज सकाळी उन्हात बसायचं, चालायचं, वेळेवर जेवायचं, दुपारी आडवं व्हायचं नाही, माणसांत राहायचं. महिन्यानं परत दाखवायचं. उतार नाही पडला तर गोळी देईन म्हणाली, आणि जीव नकोसा वाटला तर महिना थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं.

उन्हात बसा, हे कर्जतच्या माणसानं सांगणं सोपं. आमचं घर पळसदरीच्या पुढं, डोंगराच्या अगदी पोटाशी. थंडीत सूर्य दक्षिणेला कलतो आणि डोंगर त्याला अडवून धरतो. माझ्या अंगणात ऊन येईतो जेवणाची वेळ होते. सकाळचं ऊन पडतं ते रस्त्यापलीकडं, वयनीच्या खळ्यात.

पहिल्या दिवशी मी धरणाच्या बांधापर्यंत चालून आलो आणि त्या खळ्याच्या कडेला उभा राहिलो. वयनी आणि तिची सून वाल सोलत बसल्या होत्या. आमच्याकडं बिरड्याचं, म्हणजे सोललेल्या वालाच्या उसळीचं, असं असतं, की कडवे वाल आधी रात्रभर भिजवायचे, मग फडक्यात बांधून मोड आणायचे, मग कोमट पाण्यात टाकून एकेक वाल चिमटीत दाबून सालीतून काढायचा. ताटभर सोलायला सकाळ जाते. बायकांचं काम. आमची ही याच दोघींत बसून सोलायची.

"काय भावजी, काय पायजे?" वयनीनं विचारलं.

"काय नाय. ऊन."

"घ्या की. आमी काय बांधून ठेवलंय?"

मी बसलो. वयनीनं माझ्याकडं बघितलं आणि वाटी पुढं सरकवली. "नुसतं बसायला हा काय एसटीचा स्टॉप हाय? सोला."

"मला येत नाय."

"जेवायला येतं ना? मग सोलायला पण येईल."

पहिला वाल मी असा दाबला की तो सुनेच्या कपाळावर जाऊन लागला. ती खाली वाकून हसायला लागली. वयनी म्हणाली, "भावजी, वाल हाय तो, बैल नाय. जरा मायेनं."

तसा मी रोज जायला लागलो. रस्त्यानं जाणारा माझ्या बरोबरीचा एक गडी थांबला आणि म्हणाला, "काय रं, बायकांत बसायला लागलास?" मी म्हटलं, "तू पण ये. घरात तुला कोण विचारतंय?" तो गेला. दुसऱ्या दिवशी लांबच्या रस्त्यानं गेला.

सोलताना बोलणं व्हायचं. घरचं कुणी माझ्यासमोर बायकोचं नाव काढत नव्हतं, मला लागेल म्हणून. इथं वयनी सरळ बोलायची. एकदा म्हणाली, "ती काय म्हणायची माहीत हाय का? म्हणायची, यांचा मोसम हाय तवर बरा. मोसम गेला की परत बडबड सुरू, डोकं उठवतात." मी हसलो. किती दिवसांनी हसलो ते मलाच कळलं नाही, सून माझ्याकडं बघायला लागली तेव्हा कळलं. मग डोळ्यांत पाणी आलं. वालाच्या पाण्याचे हात, डोळे पुसता येईनात. वयनी म्हणाली, "वाहू द्या. इथं कोण बघतंय?"

काही दिवसांनी तिनं नवीन काढलं. "रोज आमचे वाल सोलता. उद्याचे तुमचे आणा."

घरात वाल होते. आमच्या हिनंच राख लावून पिंपात ठेवलेले, ती गेली त्याच्या आधीच्या उन्हाळ्यातले. मी त्याला हात लावला नव्हता. त्या रात्री झाकण काढलं. मूठ घातली तेव्हा राख बोटांना लागली. तिच्या चुलीची राख. मग वाटीभर काढून धुतले आणि भिजत घातले.

सकाळी फडक्यात बांधले, दुसऱ्या सकाळी सोडून बघितले. मोड नाहीत. वाल जुने, वर थंडी. वयनीकडं गेलो तर म्हणाली, "अजून एक रात जाऊ द्या. उबेला ठेवा म्हणजे येतील."

उबेला कुठं ठेवणार? आमची ही चुलीमागं ठेवायची. ती गेल्यापासून चूल पेटवलेली नाही, माझ्या एकट्याचं गॅसवर भागतं. घरभर फिरलो. सगळीकडं गार. ऊब म्हणावी अशी एकच जागा होती, माझी गोधडी. फडकं पिळून घेतलं, गाठोडं पोटाशी धरलं आणि झोपलो. मला चांगली झोप लागली. पहाटे जाग आली तर गोधडी ओली, धोतर ओलं, गादीवर हा एवढा डाग. आणि फडक्यातून बारीक पांढरे मोड बाहेर आलेले. मी गाठोडं तसंच खाटेवर कोरड्या चादरीत गुंडाळून ठेवलं, गोधडी कुंपणावर टाकली, गादी उभी केली आणि अंघोळीला गेलो. खुशीत होतो, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी रविवार. अंघोळ करून बाहेर आलो तर मोटरसायकल दारात आणि पोरगा कुंपणापाशी. एक हात गोधडीवर. गादी त्यानं आधीच बघितली होती.

तो हळू आवाजात बोलला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "बाबा, मला फोन नाय केला तुमी."

"कशाला?"

"अंथरूण ओलं झालंय. असं एकटं नाय राहता येत आता. रागावत नाय मी. चला, कपडे भरा. शिमग्याची वाट नको बघायला."

काय सांगणार होतो? म्हातारपणी अंथरुणात झालं, हे त्यानं मनात धरलं होतं. खरं सांगावं, तर रात्रभर वाल पोटाशी घेऊन झोपलो असं सांगायचं. ते ऐकून तर तो म्हणाला असता, बापाचं डोकंपण गेलं. दोन्हीकडून लाज. तो आत गेला, पिशवी शोधायला लागला. त्यालाही सापडेना. मी दाराला धरून उभा. एवढे दिवस चाललो, बसलो, जेवलो, ते सगळं आता कुलपाच्या आत जाणार.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून वयनीनं हाक दिली. "भावजी, आले का मोड? पाणी कोमट करून ठेवलंय!"

ती चालत अंगणात आली. पोराच्या हातात माझे सदरे बघितले, कुंपणावरची गोधडी बघितली, माझं तोंड बघितलं. "वाल कुठं ठेवलेत?" तिनं विचारलं.

"आत. खाटेवर."

"का?"

"तुमी म्हणालात उबेला ठेवा."

ती आत गेली आणि चादरीतून गाठोडं उचललं. आधी तिला कळलं. तोंडावर पदर धरून ती उंबऱ्यावर बसलीच. "बाळा, बाप तुझा वाल घेऊन झोपला रं. अंडी उबवल्यासारखा."

पोरगा सदरे खाटेवर टाकून बाहेर गेला. कुंपणावरची गोधडी त्यानं ओढली आणि नाकाला लावली. वालाचा तो उग्र वास, ज्याच्या घरात बिरडं शिजतं त्याला सांगावा लागत नाही. तो तशीच गोधडी धरून उभा राहिला, आमच्याकडं पाठ करून.

मग म्हणाला, "आई चुलीमागं ठेवायची."

"हो. पण चूल कुठं पेटवतो मी."

"का नाय पेटवत?"

"एकट्यासाठी?"

त्यानं सदरे परत खुंटीला लावले. परसात जाऊन लाकडं घेऊन आला आणि चूल पेटवली. धूर झाला, तो खोकला, वयनीनं त्याला फुंकणी दिली. मग गोधडी चुलीच्या उबेला वाळत घातली आणि आम्ही खळ्यात गेलो. तो पण बसला सोलायला. कंपनीत मशीन चालवणारा माणूस, त्याच्या हातून निम्मे वाल चुरगळले. वयनी त्याला बापापेक्षा जास्त बोलली.

थंडी अजून संपलेली नाही. महिना झाल्यावर डॉक्टरीणबाईंना दाखवून आलो. गोळी लागली नाही, पण पुढच्या वर्षी मार्गशीर्ष लागायच्या आधीच या म्हणाली. जाईन. काही सकाळी अजून छातीवर कुणी बसल्यासारखं वाटतं, आणि ती नाही हे रोज नव्यानं कळतं. त्याला ऊन पुरत नाही.

त्या रविवारी पोरगा निघाला तेव्हा मी डब्यात त्याला सोललेले वाल दिले. गाडीवर बसून तो म्हणाला, "कुलपाचं राहू द्या. पुढच्या रविवारी हिला आणि पोरांना घेऊन येतो. बिरडं करा. पण चुलीमागचं. गोधडीतलं नको."

रविवारी खायचं, तर मोडाला या थंडीत दोन रात्री लागतात. म्हणजे गुरुवारी भिजवायला पाहिजेत, शुक्रवारी बांधायला, आणि चूल रोज पेटती ठेवायला. गुरुवारी सकाळी मला उठावंसं वाटत नव्हतं. पांघरुणातच पडून विचार केला, वयनीला धरून माणसं सहा, वाटी किती घ्यावी. मग उठलो.