रान साफ करणारे आम्ही

राखणबाबा सरळ कधी चाललाच नाही. जव्हारात संस्थानी दरबारच्या नोकरांसाठी नवी आळी वसली, तिच्यामागे ऐन-हिरड्यांचं जुनं रान होतं. त्याची राखण पोशेरा गावच्या या म्हाताऱ्याकडे. बोटभर रोप दिसलं की तो वळसा घेई. आळीतले कारकून हसत, "काय बाबा, सकाळीच चढली का?" तो म्हणे, "चढली नाय, दादा. पोरं निजलीत खाली, तुडवू कशी?"

करवंदीच्या जाळीला कोणी कोयता लावला, की मात्र तो आई-बाप काढी. मीही त्याच आळीतला; एकदा त्याने मला मानेला धरून जाळीपाशी वाकवलं. आत ऐनाची तीन रोपं होती. "काट्यानं शेळीच्या तोंडातनं वाचवलीत. आता बोल, कचरा हाय का ह्यो?" मी मान डोलावली. कळलं काहीच नव्हतं.

कारण त्या दिवसांत मी पुण्याहून येणारी पत्रकं वाचून पेटलेला होतो. स्वच्छता! आरोग्य! सुधारणा! कोणाच्या तरी अंगणात साप निघाला आणि आळीने दरबारला अर्ज करायचं ठरवलं : मोठी झाडं शोभेला ठेवावीत, खालचं काटवण साफ करावं. तो अर्ज मी लिहिला. सगळ्यांनी माझ्या भाषेची तारीफ केली.

हुकूम झाला, आणि साफ करायचं काम आलं बाबावरच. अंमलदार त्याला समजावू लागले, "अरे, झाड एकही पाडायचं नाही. रान राहणारच आहे."

"म्हातारे ठेवायचे नि पोरं मारायची. मग रान कुठलं ऱ्हायलं, साहेब?"

कोयता त्यांच्यापुढे टाकून तो तडक माझ्याकडे आला. "भाऊ, तुला लिवता येतं. माझा बी एक कागद लिव दरबाराला."

पहिला कागद माझाच होता, हे सांगायची हिंमत मला झाली नाही. "हुकूम झाल्यावर काय उपयोग, बाबा?" एवढंच म्हणालो. तो तसाच पोशेऱ्याच्या वाटेला लागला. पुन्हा जव्हारात आला नाही. तिकडेच वारला.

आळीने गडी लावून चार दिवसांत जमीन खरवडली. मोठ्या झाडांभोवती पार बांधले. आता पाहुण्यांना मोठ्या ऐटीत सांगतात, "आम्ही रान राखलं हो!" गेल्या वादळात दोन ऐन उन्मळले. त्यांच्या जागी वाढायला खाली एक रोप नाही, आणि याची खंत एकालाही नाही! सगळे पारावर बसून सावलीचं कौतुक करतात.

माझ्या परसात मी करवंदी माजू दिली आहे. परवा शेजारचे मास्तर नाक मुरडून म्हणाले, "हे साफ कधी करणार?"

नाही करणार, मास्तर. खुशाल अर्ज करा. या वेळी तो तुम्हालाच लिहावा लागेल.