आमच्या वाडीतल्या बैठका

माझे सख्खे काका परवा गेले. मला वाईट वाटलं नाही.

फॅमिली ग्रुपवर सगळे हात जोडतायत. "देवमाणूस गेला." लिहा, खुशाल लिहा. मी माझ्या वॉलवर माझं लिहिते.

आम्ही बोरिवलीचे गोसावी. खाडीच्या बाजूला आमची वाडी होती. कौलारू घर, मागे मोगरा, विहीर, आणि विहिरीच्या पलीकडे आमची माणसं.

म्हणजे गेलेली माणसं.

आमच्यात जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, मीठ घालतात, माती लोटतात. वर दगडी समाधी. पण समाधी हा शब्द घरात कोणी वापरला नाही. "बैठक" म्हणायचे. खापरपणजोबांपासून सगळे एका रांगेत बसलेले.

भीतीबिती काही नव्हती. आई अण्णा आजोबांच्या बैठकीवर मिरच्या वाळत घालायची आणि डोक्यावर पदर घेऊन सांगायची, "मामंजी, कावळ्यांकडे बघा हं जरा."

मी अख्खी दहावी पणजीच्या बैठकीला टेकून केली.

माती लोटायच्या आधी एक रीत असायची. घराण्यात जन्मलेल्या सगळ्यात मोठ्या माणसाने खड्ड्यावर वाकून गेलेल्याला शेजार सांगायचा. नवीन माणूस आला की आपण ओळख करून देतो ना, तसंच.

बाबा गेले तेव्हा आत्याने सांगितलं होतं. ती बाबांची थोरली बहीण. तिचा आवाज अजून कानात आहे.

"रामू, उजवीकडे आपले अण्णा आहेत. डावीकडे तुझ्या बायकोची जागा ठेवलीय. घाबरू नको. बस."

त्या डावीकडच्या रिकाम्या जागेवर आई रोज पाणी शिंपडायची. "माझी रूम बुक आहे बाई," म्हणायची आणि हसायची.

पुढे आत्याही त्याच रांगेत बसली. घरात मोठे उरले नंदूकाका. बाबांचा धाकटा भाऊ. वाडीचे कागद बाबांनी विश्वासाने त्यांच्याच नावावर केलेले.

एका गणपतीला आईला मी माझ्याकडे मुलुंडला आणलं. विसर्जन करून तिला सोडायला गेले, तर वाडीला निळे पत्रे लागलेले. आत जेसीबी.

आई पत्र्याच्या फटीतून बघत उभी राहिली. पिशवी तशीच हातात.

काका म्हणाले, "वहिनी, मेलेल्यांना कशाला हवंय एवढं प्राइम लोकेशन?"

आई भांडली नाही. एवढंच म्हणाली, "भावजी, ह्यांना कुठे ठेवलंत?"

"सगळ्यांना विधिपूर्वक हलवलंय. टेन्शन नका घेऊ."

कुठे हलवलं ते कधीच सांगितलं नाही. मी जेसीबीवाल्याला गाठलं. तो बिचारा म्हणाला, "मॅडम, हमको तो बोला मलबा है." डंपर भरले, कुठल्याशा बांधकामाच्या भरणीला गेले.

माझे बाबा भरणीला गेले. कुठल्या बिल्डिंगखाली आहेत मला माहीत नाही.

आईने नंतर एकच मागणं धरलं होतं. "मला जाळू नका गं. कुठेही बसवा, समाजाच्या जागेत बसवा, पण जाळू नका." मला सांगितलं, काकांना सांगितलं. आल्यागेल्या सगळ्यांना सांगितलं.

ती गेली ती काकांकडे; मी तेव्हा नाशिकला होते. "थांबा, मी निघालेय," म्हणून फोनवर ओरडत होते.

काका थांबले नाहीत. "आता कोण पुरत बसतंय? विद्युतदाहिनी झकास. तासाभरात मोकळे."

मी पोचले तेव्हा ते आंघोळ करून चहा पीत होते. नव्या टॉवरमधल्या फ्लॅटमध्ये. आमच्या विहिरीच्या वर कुठेतरी.

परवा चुलतभावाचा फोन आला. सचिन. हुंदके देत होता.

"ताई, पप्पा गेले. आपल्या रीतीने बसवा म्हणून सांगून गेलेत."

"का रे? विद्युतदाहिनी झकास असते की."

"ताई, प्लीज. शेवटी शेवटी खूप घाबरायचे गं. मला एकटं बसवू नका म्हणायचे. घरात आता तूच मोठी. तू येऊन शेजार सांगितल्याशिवाय माती लोटायची नाही, असं वचन घेतलंय माझ्याकडून."

नवरा म्हणाला, "नको जाऊस, उगाच तमाशा होईल."

मी गेले. इस्त्रीची साडी नेसून गेले.

समाजाच्या दफनभूमीत कोपऱ्यातली जागा मिळाली होती. रांग नवीन. आजूबाजूला नुसतं गवत.

काकांना खाली बसवलेलं. भगवं कापड, मान एका बाजूला कललेली. फावडी थांबली. सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मला वाटलं होतं, समोर बघितल्यावर राग निघून जाईल. देवाशप्पथ वाटलं होतं. पण पत्र्याच्या फटीपाशी उभी असलेली आईच दिसायला लागली.

वाकले. मागच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"नंदूकाका, उजवीकडे कोणी नाही.

डावीकडे कोणी नाही.

अण्णा नाहीत. बाबा नाहीत. आत्या नाही. आई नाही.

बसा."

कोणीतरी "अगं बाई" म्हणालं. काकू तोंडात पदर कोंबून रडायला लागली. सचिनने माझा दंड धरला.

"ताई, निदान आज तरी खोटं बोलायचंस गं."

"तुझ्या पप्पांनी माझ्या आईला सांगितलं तसं?"

त्याने दंड सोडला. माती लोटली गेली.

कालपासून फोन येतायत. मेलेल्या माणसावर कसला राग काढतेस म्हणून. तर ऐका, ते जिवंत होते तेव्हा मी मोठ्यांचा मान म्हणून गप्प बसले होते. तेव्हा तुमच्यापैकी एकानेही मला फोन केला नव्हता.

भावपूर्ण श्रद्धांजली वाहतेय ती माझ्या आईला. तिला माती मिळाली नाही म्हणून इथे लिहितेय.

काकांना जे सांगायचं होतं, ते सांगून झालं.