कढई घासली की झालं

"आज ते बीफचं कर ना," आई म्हणाली. "भाज्या घालून, झटपट. आपली सून करते तसं."

कॅनबरातल्या गुंगालिनच्या माझ्या फ्लॅटमध्ये मी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसले होते. मीटिंग चालू होती. नशीब, मी म्यूटवर होते, कारण माझ्या तोंडून जे निघालं ते ऑफिसला ऐकवण्यासारखं नव्हतं.

"काय म्हणालीस?"

"बीफ. रम्पचा तुकडा आण. ते आधीच कापलेलं मिळतं ना, ते नको. त्याला पाणी सुटतं."

कमाल आहे! पुण्याच्या घरी माझ्या आईने हा शब्द कधी उच्चारला नव्हता. ती नुसतं 'ते' म्हणायची. 'त्यांच्यात ते खातात.' आणि त्या 'ते'पायी मी एका माणसावर पाणी सोडलं होतं.

तो वसईचा, ख्रिश्चन, माझ्याच ऑफिसातला. माझ्यापेक्षा चांगलं मराठी बोलायचा आणि माझ्यापेक्षा कमी चिडायचा. आम्ही काही शाकाहारी नव्हतो. सोमवार आणि चतुर्थी सोडली तर आमच्याकडे मटण काय, सुरमई काय, सगळं व्हायचं. तरी आईचा पाय तिथेच अडला. तो बिचारा घरी आला, सोफ्याच्या अगदी कडेला बसला आणि म्हणाला, "काकू, मी सोडतो. परत हात लावणार नाही."

आई म्हणाली, "आणि भांडी? तुमच्या आईच्या घरच्या भांड्यांचं काय?"

तो चहा अर्धा टाकून गेला. त्यानंतर आईने अन्न सोडलं. नुसत्या चहावर राहायची आणि भिंतीकडे तोंड करून झोपायची. बाबा माझ्या खोलीत येऊन म्हणाले, "तिचं बीपी माहितीये ना तुला? जाऊ दे बाळा." बाबांनी तोवर माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी त्याला फोन करून सांगितलं की जमणार नाही. त्याने विचारलं, "भांड्यांमुळे?" मी हो म्हणाले. अजूनही ते 'हो' आठवलं की मला माझीच लाज वाटते.

मग मी इकडे आले, नोकरी धरली, पर्मनंट झाले. ऑफिसच्या बार्बेक्यूला सगळे बीफच्या सॉसेजवर तुटून पडायचे आणि मी मक्याचं कणीस चावत उभी असायचे. कुणी विचारलं तर सांगायचे, रिलिजन. "नो वरीज, मेट." रिलिजन कसलं डोंबलाचं! 'ते' खाणार नाही, असा निघताना आईला दिलेला शब्द होता तो. तोच मोडला असता तर त्याला सोडलं कशासाठी? लग्न नाही केलं ते नाही केलं, पण निदान कारण तरी माझ्याजवळ शाबूत होतं. आईला ते सहनच झालं नसतं, हे कारण. एवढ्या वर्षांत मी दुसरं काही जपलं नसेल इतकं ते जपलं.

माझ्या मागून धाकटा भाऊ शिकायला आला. त्याने एका गोऱ्या मुलीशी लग्न केलं. आई तेव्हाही फोनवर रडली, पण थोड्याच दिवसांत शालूचे फोटो पाठवून रंग विचारायला लागली. मी म्हटलं, चला, म्हातारपणी मऊ झाली. बाबा गेल्यानंतर ती भावजयीच्या बाळंतपणासाठी सिडनीत स्कोफिल्ड्सला आली आणि कोविडने सगळं बंद केलं. विमानं नाहीत, काही नाही. वर्ष तिकडेच गेलं. मग "तुझ्याकडची थंडी बघते" म्हणून थोड्या दिवसांसाठी माझ्याकडे आली, तर मागे सिडनी बंद झालं आणि पाठोपाठ आमचं कॅनबराही. आता आम्ही दोघीच होतो, हीटर होता आणि आईची फर्माईश होती.

"चिकन आणते," मी म्हटलं.

"चिकनला ती चव नाही."

म्हणजे बाईसाहेबांना चव माहीत होती!

मी गेले. रागाने गेले. मास्क लावला, दारावरचा कोड स्कॅन केला आणि ज्या फ्रिजसमोरून नेहमी मान वळवून जायचे तिथे जाऊन उभी राहिले. लाल लाल ट्रे. रम्प कुठलं, हे लेबल वाचून शोधावं लागलं. सेल्फ चेकआउटला तो ट्रे मी सिमला मिरच्यांच्या खाली ठेवला. कोण बघणार होतं? पण ठेवला.

घरी आले तर आई शाल गुंडाळून ओट्यापाशी स्टुलावर बसलेली, सूचना तयार.

"थोडा वेळ फ्रीझरमध्ये टाक, म्हणजे पातळ कापता येतं. मग कापताना धागा बघ. हा असा जातोय ना? त्याच्या आडवं काप. उभं कापलंस तर चामट लागेल."

मी आडवं कापलं. कॉर्नफ्लोअर, सोया सॉस आणि तिखट चोळलं. ब्रोकोली, गाजर, सिमला मिरची कापली, आलं-लसूण बारीक केलं. मी नॉनस्टिक पॅन काढला तर आई म्हणाली, "ते नको. लोखंडी कढई घे. तीच तापते चांगली."

ती कढई तिनेच पुण्याहून सामानातून माझ्यासाठी आणली होती. चतुर्थीला मी त्यातच बटाट्याची भाजी करते. माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"आणि भांडी?" मी विचारलं.

"कसली भांडी?"

"आई, ही कढई. यात ते शिजवायचं?"

"मग काय झालं? घासली की झालं."

मी गॅस मोठा केला. तेलातून धूर यायला लागला तसं मी सगळं मांस एकदम ओतायला गेले.

"गर्दी करू नकोस! थोडं थोडं टाक, नाहीतर पाणी सुटेल."

मी थोडं थोडं टाकलं. चर्र झालं, वास उठला आणि त्याबरोबर छताचा स्मोक अलार्म बोंबलायला लागला. मी खुर्चीवर चढून टी-टॉवेल फडकावतेय, डोळ्यांतून पाणी येतंय, ते नुसतं धुराचं नव्हतं, आणि खालून माझी आई ओरडतेय, "हलवत राहा गं, करपेल!" शेवटी तिनेच उलथनं हातात घेतलं. मांस काढून ठेवलं, भाज्या परतल्या, मांस पुन्हा वर घातलं आणि डब्यातला कांदा-लसूण मसाला चमचाभर भुरभुरवला.

"सुनेलाही आता हा मसाला लागतो," ती कौतुकाने म्हणाली.

जेवायला बसलो. मी ताटलीत नुसता भात आणि दही घेतलं. आई भातावर ते घेऊन निवांत जेवत होती, बोटं चाटत होती. वास छान होता, हे सांगायलाच हवं. मी दहीभात कालवत बसले.

"मग त्याच्याशी असं का वागलीस?"

"कोणाशी?"

कोणाशी! तिला आठवतही नव्हतं.

"वसईच्या."

तिचा हात थांबला. "अच्छा, तो." तिने एक गाजर बाजूला सारलं. "तेव्हाचं वेगळं होतं."

"काय वेगळं होतं? तो सोडायला तयार होता, आई. तुझ्या सुनेने काय सोडलं?"

"हे बघ, तुझ्या भावालाही मी नाहीच म्हटलं होतं. रडले, जेवण सोडलं. त्याने फोन ठेवला आणि लग्नाची तारीख घेऊन मोकळा झाला. मग मी काय करणार?"

"मग?"

"मग काय, जेवले."

"आणि मी?"

"तू ऐकलंस गं," आई म्हणाली. टोमणा नव्हता तो. कुणाला पालक आवडतो, कुणाला मेथी, इतक्या सहज ती बोलली.

मला एकच विचारायचं होतं आणि त्याचं उत्तर नको होतं. तरी विचारलं. "मी ऐकलं नसतं तर?"

"तर काय? जेवले असते की. किती दिवस उपाशी राहणार होते?"

बाहेर अंधार पडत होता. शेजारच्या फ्लॅटमधला मुलगा ऑनलाइन शाळेला कंटाळून भिंतीवर चेंडू मारत होता. मला ओरडायचं होतं, ताटली आपटायची होती. मला फसवलंस, असं तिच्या तोंडावर सांगायचं होतं. आणि ती तर तोंडावर खरं तेच सांगत होती, अगदी बिनधास्त, तोंडात घास असताना.

तिने रिकामी ताटली माझ्यापुढे धरली.

"तळातलं वाढ. तिखट असतं ते."

मी उठले आणि वाढलं.