शेवटची जोडी

आमच्या कळंब्याच्या कॉलनीत सगळे त्यांना वॉचमनमामा म्हणतात. नाव मीही कधी विचारलं नाही. रोज संध्याकाळी बागेच्या कडेला पोरांनी भिरकावलेल्या चपला ते जोडीनं लावायचे आणि बोट फिरवत मोजायचे. मला हा नुसता चाळा वाटायचा. एकदा विचारलंच.

"ह्या बिल्डिंगा व्हायच्या आधी हितं सुट्टीतलं शिबिर भरायचं," मामा म्हणाले. "बाग हाय न्हवं, तिथं हीर हुती. पोरं पोहायची, मी काठावर. डोकी मोजावी तर बुड्या मारत्यात. चपला कुठं जात्यात? शेवटची जोडी कुणाच्या तरी पायात गेली की मगच मी जेवायचो."

"पण आता विहीर कुठंय?"

"बुजवली की," म्हणत ते पुन्हा मोजायला लागले.

परवा घरात वाजलं. तणतणत खाली आलो, चपला काढून हिरवळीवर आडवा झालो आणि डोळा लागला. जाग आली तेव्हा बाग रिकामी होती. गेटवर दुसरा वॉचमन आला होता. मामा मात्र डबा काखेत धरून माझ्या चपलांपाशी उभे होते.

"मामा, घरी नाही गेलात?"

"एक जोडी ऱ्हायली हुती की."