मेलेल्यांचे चेहरे, जित्यांच्या कुरबुरी

जुन्या ब्रशाच्या मुळाशी रंग वाळून बसतो ना, तसे किस्से साचतात. टर्पेंटाईनमध्ये कितीही बुडवा, निघत नाहीत!

सत्तरच्या दशकात वाशीमला स्टँडमागे आमचं पेंटिंगचं दुकान होतं. माझा नवरा सुदाम अक्षरं काढायचा, मी चेहरे. मला कोणी शिकवलं नाही. वाचायलासुद्धा मी त्याच्या पाट्यांवरून शिकले. आधी 'कटिंग सलून' आलं, 'क' मागून आला!

मग देवीची साथ आली. देवी म्हणजे अंगभर फोड येऊन माणूस नेणारा रोग. आजच्या पोरांना हे सांगावं लागतं, बरंच आहे. घरोघर माणसं गेली आणि फोटो कोणाचाच नाही. लोक माझ्याकडे यायचे, "बाई, आठवनीतून काढून द्या."

कोणाच्या आठवणीतून? माझ्या?

*

आसेगावचा एक जण बापाचं चित्र मागायला आला.

"नाक कसं होतं?"

"नाकासारखंच."

"डोळे?"

"दोन."

"अरे बाबा, तुह्यासारखे दिसत होते का?"

"हो, पन त्यायले अक्कल होती!"

मग काय, त्यालाच समोर बसवून काढला आणि अक्कल माझ्या पदरची घातली.

*

एका कापडदुकानदाराची बायको गेली. तो म्हणाला, "गळ्यात चपलाहार काढा, बाई. ठसठशीत."

"होता का तिच्यापाशी?"

"नव्हता. पन चित्रात काय जाते?"

म्हटलं, "शेटजी, जित्तेपनी घातला असता, त माहा पिवळा रंग वाचला असता!"

दुसऱ्या दिवशी त्याची मेहुणी आली. म्हणाली, "माह्या बहिनीले बिनहाराची काढा. लोकायले वळखू त येऊ द्या!"

*

सुदामला तेव्हा भिंतींवर सरकारी घोषणा लिहायचं काम होतं. केनवडला त्याने भिंत शोधली. मोठी, पांढरीशुभ्र, अगदी रस्त्यावर. हातभर उंचीच्या अक्षरांत लिहिलं, 'देवीचा समूळ नाश करा.'

भिंत देवीच्या मंदिराची!

एक म्हातारी काठी घेऊन आली. "काहून बे, कोन्या देवीचा नाश करून राह्यला?"

"मावशी, रोगाचा!"

"मंग रोगाच्या भिंतीवर लिही ना!"

सगळी भिंत पुन्हा चुन्याने रंगवून तो घरी आला आणि मलाच विचारतो, "माहं काय चुकलं?" अशा माणसाला काय सांगावं!

*

आमच्या गल्लीत लस टोचणारा आला तेव्हा अर्धी गल्ली पोरांना घेऊन मागच्या दारानं पसार झाली. मी पळाले नाही. मी पळणाऱ्यांतली नाही. दारातच उभी राहिले.

आमची कमल सहा वर्षांची होती. टोचणीचं नाव काढलं की किंचाळायची. मी ठोकून दिलं, "ताप हाय तिले. पुढच्या खेपेले या."

ताप नव्हता.

आमच्याच भिंतीवर सुदामने 'लस टोचून घ्या' लिहून ठेवलं होतं. त्या माणसाने तिकडे बोट केलं. "बाई, हे वाचता येते ना तुमाले?"

"मले शिकवतो का? त्यातला लाल रंग मीच भरला!"

पुढच्या खेपेला तो आला, तेव्हा ताप खरंच होता.

सुदाम गावोगाव भिंती रंगवत फिरत होता. निरोप पोचून तो येईपर्यंत माती देऊन झाली होती. त्याने मला एका शब्दाने विचारलं नाही. भांडला असता तर बरं झालं असतं! मी एरवी कोणाला हार जात नाही.

*

पुढे शेजारणी टोमणे मारायच्या. "साऱ्या गावाचे मेलेले काढते, सोताच्या पोरीचं काहून नाही काढत वं?" मी त्यांना फाडून खायची. पण खरं सांगते, येत नव्हतं. काढायला बसले की शेवटच्या दिवसांतलाच चेहरा समोर यायचा. त्याच्या आधीची कमल काही केल्या सापडेना. लोकांना "नाक कसं होतं?" म्हणून दरडावणारी मी!

दोन वर्षांनी एका दुपारी ती एकाएकी सापडली. बसल्या बैठकीला काढली. गुळगुळीत गाल, कपाळावरची बट, पुढचा पडलेला दात, सगळं जिथल्या तिथं. हात धुतले नाहीत, तशीच सुदामला हाक मारली.

तो आला. चित्रापाशी वाकला. मग म्हणाला, "फोड काढ."

माझं डोकंच फिरलं. "डोळे फुटले का तुमचे? एक तरी फोड दिसून राह्यला का? कायचे काढू?"

"नाहीत म्हनूनच त म्हनून राह्यलो. म्या तिले तशी पाह्यलीच नाही. काढ."

मी हलले नाही. त्याने माझ्या हातातला ब्रश घेतला, रंगात बुडवला आणि चित्रासमोर बसला.

"मले चेहरे येत नाहीत, टिपके येतात. तू फक्त सांग, कुठं कुठं होते."