मिठाची गाडी

"एवढं एक काम झालं ना ताई, की मग बघायला नको."

गाडी उभी केली की भाऊंनी खाली उतरायचं, बॉनेटवर तळवा ठेवायचा आणि मग हे वाक्य. तापलेल्या पोराच्या कपाळावर हात ठेवावा तसा तो हात असे. तुमच्या ओळखीत जुन्या गाडीचा कुणी मालक असेल, तर तुम्हाला सांगायला नको की ते 'एक काम' कधीच एक नसतं.

मी पेणला गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करते. रोह्याकडचे आमचे गणपती भाऊंच्या पिकअपमधून जायचे. मूर्ती पेंढ्यात बसवल्या तरी वाटेत कुठे रंग घासतो, म्हणून कारखान्याचं एक माणूस सोबत जातं. ते माणूस मी. मांडीवर रंगाचा डबा घेऊन केबिनमध्ये बसायचं आणि गाडीच्या तब्येतीचं रडगाणं ऐकत रोहा गाठायचं. आता दुसऱ्याचा टेम्पो येतो. त्याचा ड्रायव्हर कानात वायर घालून बसतो आणि मीही खिडकीबाहेर बघत असते.

भाऊ रोह्याच्या आतल्या बाजूच्या गावातले, भातशेतीवाले. अर्धं आयुष्य धाटावच्या एका कंपनीत शिफ्ट केल्या. ती बंद पडली तेव्हा पन्नाशी आलेली. दुसरी कंपनी उभी करीना. हातात जे पडलं ते सगळं घालून त्यांनी पेणच्या खाडीकडच्या माणसाकडून ही पिकअप घेतली. गाडी चालली तर घर चालणार, असा सरळ मामला होता.

घेताना काही आंधळेपणा केला नव्हता हो. सोबत मिस्त्री नेला, इंजिन ऐकलं, माल भरून चढावर घातली, टायर बघितले. वर नवाकोरा रंग. भातशेतीतल्या माणसाला नवा रंग दिसला की वाटतं, मालक नीटनेटका असणार. माझं माहेर मिठागरातलं. आमच्याकडे इंजिन शेवटी बघतात. आधी गोणपाट टाकून गाडीखाली झोपायचं आणि चेसी, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा, खिळ्याने खरवडायची. मीठ वाहिलेली गाडी वरून नवरीसारखी असते आणि खालून गंजून पापड झालेली असते.

पहिल्याच दिवशी मला हौद्याच्या सांध्यात रंगाला आलेले फोड दिसले. मी तोंडावर सांगितलं, "भाऊ, ही मिठाची गाडी आहे."

ते मोठ्याने हसले. "मीठ काय ताई, आमच्या कालवणात पन असतं. आमाला काय झालं?"

झालं ते असं, की इंजिन शेवटपर्यंत ठणठणीत राहिलं आणि बाकी सगळं एकेक करून गेलं. वायरी आतून कुजल्या. हॉर्न दाबला की वायपर हलायचा. रेडिएटर गळायला लागला. सायलेन्सर वडखळच्या पुढे रस्त्यात पडला, तो फडक्यात गुंडाळून माझ्या पायाशी ठेवला आणि अख्खा प्रवास गाडी अशी बोंबलत गेली, की गावोगावची माणसं आमच्याकडे बघून हात जोडत होती. देवाला की आम्हाला, कोण जाणे. नागोठण्याला ब्रेकचा पाइप फुटला तेव्हा मात्र दोघंही हसलो नाही. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांचा खिळा तुटला, मग पाटाच तुटला. दर वेळी गॅरेज, दर वेळी "एवढं एक काम".

त्यात इन्शुरन्स भरायचा, त्यात पासिंग. पासिंगला न्यायची म्हणजे खालून वेल्डिंग आणि वरून रंग. भाडं मिळे ते गाडीच खाऊन टाकी. तरी रोज नदीवर नेऊन धुवायचे आणि खालून जळकं ऑइल फासायचे. आमच्या मूर्तींना त्या ऑइलचा वास लागायचा म्हणून मी कितीदा तरी ओरडले असेन.

शेवटी पेणच्या मिस्त्रीने हात टेकले. "जिथे वेल्डिंग मारतो, त्याच्या बाजूला फुटते. भाऊ, विकून टाका."

विकायची ठरली. पुन्हा रंग मारला. माणगावच्या बाजूचा एक तरुण गिऱ्हाईक म्हणून आला. इंजिन ऐकलं, टायरला लाथ मारून बघितली, खूश झाला. ॲडव्हान्ससाठी खिशात हात घातला आणि आमचे भाऊ त्याला म्हणाले, "एकदा खाली वाकून बघ."

तो वाकला आणि गेला.

मला हे कळलं तेव्हा मी इतकी भडकले! म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? मी असते तर डोळे मिटून विकली असती. ते गाडीच्या पाठीमागे गेले आणि रडले. मोठा माणूस, हमसून हमसून रडला. "बायको आठ दिस बोलली नाय ताई. मी काय करू? तोंडातून गेलं."

त्या वर्षी गणपतीच्या आदल्या दिवशी शेवटची खेप होती. सगळ्या मूर्ती त्यांच्याच गावच्या. अगदी हळू चाललो होतो. गाव दिसायला लागलं आणि मागे फाट्कन आवाज झाला. गाडीचं नाक वर उठलं आणि हौदा रस्त्याला टेकला. चेसी मधोमध मोडली होती.

देवाची कृपा म्हणा की पेंढ्याची, एकाही मूर्तीला ओरखडा नव्हता. त्यांनी गावात फोन केला. माणसं पाट आणि रुमाल घेऊन धावत आली. एकेकाने आपला गणपती ओळखला, तोंडावर रुमाल टाकला, डोक्यावर घेतला आणि मोरया म्हणत निघाला. भाऊ प्रत्येकाच्या हातात मूर्ती देत होते. "सावकाश. सोंड सांभाळ." पोरंटोरं नाचत होती. सणाची गडबड, कुणाचं लक्ष मोडक्या गाडीकडे असणार?

हौद्यात एकच मूर्ती उरली. त्यांची.

"ताई, हा तुमी परत न्या."

"कारखान्यातून निघालेला देव परत जात नाही, भाऊ."

"मग काय करू? घरात बसवून काय सांगू त्याला? कुठल्या तोंडानं आरती म्हणू?"

त्यांची बायको केव्हा येऊन उभी राहिली होती, आम्हाला कळलंच नाही. ती मोडलेल्या गाडीकडे बघत राहिली. मग पदर खोचला, डोक्यावर चुंबळ ठेवली. "तोंडाचं मागून बघू. आदी माज्या डोईवर ठेवा."

त्यांनी ठेवला. ती चालायला लागली.

ते पुढे झाले, पाना काढला, बॉनेट उघडलं आणि बॅटरी सोडवून खांद्यावर घेतली. त्याच महिन्यात घातलेली. ऊन तिरपं झालं होतं. शेताच्या बांधावरून पुढे गणपती आणि मागे बॅटरी, असे ते दोघे जाताना मी रस्त्यावरून बघत होते. ती मान न वळवता म्हणाली, "ती कशाला आता?"

"नवी हाय गो," ते म्हणाले.